इटलीच्या गाडीला साडीगार्ड

गाडी लाकडी खोक्यातून बाहेर काढली तेव्हा तीर्थपुरीत आमच्या घरासमोर जमलेल्या माणसांचं पहिलं मत असं पडलं, की गाडी अर्धीच आलीय आणि बाकीचं सामान मागून यायचंय. शेजारच्या एका म्हाताऱ्यांनी तर दिराला काळजीनं विचारलं, “पत्रा कवा येणार हाये हिचा?” दीर हसला. तो माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, घरातला एकुलता एक इंजिनिअर. औरंगाबादच्या त्याच्या कंपनीनं त्याला काही वर्षं इटलीला ठेवलं होतं. परत येताना लोक टीव्ही आणतात, कॅमेरे आणतात. यानं तिथं वापरलेली स्वतःची मोटरसायकल जहाजातून आणली. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा घरात त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं, आणि सासूबाईंचा अंदाज होता की तो सोनं आणील.

“पत्रा नसतोच हिला,” तो म्हणाला. “ही अशीच राहती.” अशा गाड्यांना इंग्रजीत एक शब्द आहे, ‘नेकेड’, तो मला फार नंतर कळला. आई आणि वहिनीसमोर दिरानं तो तोंडातून काढला नाही. त्यानं सांगितलं, मोकळी गाडी.

मी दारात उभी राहून बघत होते. वर लाल टाकी, मध्ये फुगलेली आणि गुडघे टेकतील तिथं आत गेलेली. टाकीखाली लाल नळ्यांची जाळी, आणि त्या जाळीत इंजिन टांगलेलं. दोन सिलिंडर, त्यांच्या वायरी, नळ्या, नट, बोल्ट, साखळी, सगळं समोर. काही म्हणजे काही झाकलेलं नव्हतं. पुढं एकच गोल दिवा. सीट इतकी छोटी की मागं बसणाऱ्याचा कुणी विचारच केला नव्हता. आमच्याकडच्या गाड्यांना किती काय काय असतं. पुढं गार्ड, बाजूला पेटी, टाकीवर रेक्झिनचं कव्हर, सीटला झालर, नंबरपाटीवर देवाचं नाव. हिच्या अंगावर एक गोष्ट अशी नव्हती जी काढून टाकली तर गाडी चालली असती. मला ती इतकी आवडली की छातीत दुखल्यासारखं झालं. मी जवळ गेले, पदर सावरत खाली वाकले आणि उजव्या बाजूला किक शोधली. किक नव्हती.

“किकच न्हाई हिला,” मी म्हणाले.

दिरानं चमकून माझ्याकडं पाहिलं. जमलेल्यांपैकी किक कुणीच शोधली नव्हती. “बटनावर चालू व्हती, वहिनी,” तो म्हणाला. “पर तुम्हाला बराबर कसं ठाऊक किक कुठं असती ते?”

मला ठाऊक असणारच. मंठ्याजवळच्या आमच्या गावी वडिलांची मोसंबीची बाग होती आणि ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या आसपास त्यांनी एक जुनी मोटरसायकल घेतली होती. विहिरीच्या कामावर पडून त्यांचा गुडघा गेला होता, त्यामुळं किक मारणं त्यांना जमायचं नाही. ते गाडीवर बसायचे आणि मी किकवर दोन्ही पायांनी उभी राहायचे. गाडी पेटली की टाकीवर थाप मारून म्हणायचे, “चाल, बस.” पुढं पुढं मीच चालवायला लागले आणि ते मागं बसायला लागले. बागेपासून घरापर्यंत, घरापासून बागेपर्यंत. गावात लोक नावं ठेवायचे. आई म्हणायची, पोरीला कोण करून घेणार. वडील म्हणायचे, “माझा पाय हाये ती.” त्यांचा पाय असल्यामुळं मला चालवायची मुभा होती, मला हौस आहे म्हणून नव्हे. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

माझ्या लग्नात नवऱ्याला मोटरसायकल द्यायचं ठरलं. तेव्हा आमच्याकडं तशी रीतच पडली होती. मांडवात नवरदेवाच्या शेजारी हार घातलेली गाडी उभी करायची आणि पाहुण्यांनी आधी गाडी बघायची, मग नवरी. ती गाडी आणायला वडील मला घेऊन जालन्याला गेले. येताना मीच चालवली. नवी कोरी गाडी, मोकळा रस्ता, मागं वडील. गावाची वेस दिसायला लागली तशी ते म्हणाले, “थांब. आता माझ्याकडं दे.” मी उतरले आणि मागं बसले. त्यांचा गुडघा दुखत होता तरी त्यांनी ती गावातून स्वतः नेली. चार दिवसांनी मी त्याच गाडीवर नवऱ्यामागं एका बाजूला दोन्ही पाय सोडून सासरी आले. पुढं दहा वर्षं त्या गाडीचा मी फक्त मागचा भाग वापरला.

दिराला मी हे सगळं सांगितलं. सांगण्याजोगं माणूस होतं ते. सकाळी तो अंगणात गाडी पुसत बसायचा आणि मी सडा घालता घालता विचारत राहायचे. हे काय, ते कशाला. तो कंटाळा न करता सांगायचा. त्या गाडीच्या क्लचचा एक कोरडा खडखडाट यायचा, डब्यात शेंगा घालून हलवल्यासारखा. समोरच्या गॅरेजवाल्यानं रोज येऊन सांगायचं, “साहेब, कायतरी ढिलं झालंय, द्या पाच मिनटं, कसून देतो.” दीर म्हणायचा, हिचा आवाजच असा आहे. गॅरेजवाल्याला ते कधी पटलं नाही. मला पटलं. चालू असताना ती आपलं काम लपवत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

एके दिवशी दीर म्हणाला, “वहिनी, एकदा तुम्ही चालवून बघा.”

मी नाही म्हणाले नाही. खोटं कशाला बोलू, मी याच वाक्याची वाट बघत होते. त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. भाजी करपायची, मुलीच्या वेणीत रिबीन बांधायची राहायची. एवढ्या तेवढ्याला मी हसायचे. नवरा म्हणाला, “काय खुशीत हायेस?” त्याला काय सांगणार?

सासूबाई आणि नवरा दिरासाठी बघितलेल्या मुलीकडं लग्नाची बोलणी करायला गेले त्या दिवशी संधी मिळाली. बोलणीला मुलानं स्वतः जायचं नसतं, म्हणून दीर घरी होता. माझी मुलगी शाळेत होती. आम्ही गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर गेलो. मी साडी रानातल्या बायकांसारखी मागं घट्ट खोचली, कारण साखळी उघडी होती आणि साडीचं टोक तिच्यात गेलं असतं तर मी गेलेच होते. दीर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदा माझे दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना होते.

वडिलांच्या गाडीला गॅस दिला की ती आधी विचार करायची, मग निघायची. ही विचार करत नव्हती. माझ्या मनगटात जेवढं आलं तेवढं तिच्यात उतरत होतं, लगेच, मध्ये काही न राहता. पहिल्यांदा मी घाबरले, एवढं खरं. मग दुसरा गिअर, तिसरा. दोन्हीकडं ऊस, मध्ये रस्ता, आणि खाली ते इंजिन माझ्या गुडघ्यांच्या मध्ये धडधडतंय. वळणावर ती आपोआप झुकली. पदर सुटून मागं फडफडायला लागला, तो मी सावरला नाही. मी मोठ्यानं हसत होते. त्या गाडीत असं काय होतं, असं मला पुढं कुणी विचारलं नाही, म्हणून इथं सांगते. ती ज्यानं बनवली त्यानं चालवणाराच डोळ्यासमोर ठेवला होता. मागं कोण बसेल, लोक काय म्हणतील, पोतं कुठं बांधायचं, असलं काहीही नाही. माझ्या आयुष्यात तोवर मला बघून बनवलेली एकही वस्तू आली नव्हती, आणि ही साता समुद्रापलीकडून आलेली गाडी मला बघून बनवल्यासारखी वाटली.

ऊस घेऊन निघालेल्या बैलगाड्या वाटेत भेटल्या होत्या. त्यामुळं संध्याकाळी सासूबाई घरी पोचायच्या आधी बातमी पोचली.

सासूबाईंचा राग बोलण्यात नसतो, कामात असतो. माझ्याकडं परात सरकवायची तर त्यांनी ती पायानं सरकवली. नवरा एवढंच म्हणाला, “लोकं हासून राह्यलेत.” दीर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज गाडी काढायचा, जालन्याला जाऊन यायचा, गाडी उत्तम चालत होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं आमच्या घरात कुणी ठेवलं नाही.

दिराचं लग्न ठरलं. आमच्या घरची रीत अशी की लग्नानंतर नवऱ्यानं नवरीला घरच्या वाहनावर बसवून जांबला रामाच्या दर्शनाला न्यायचं. सासूबाई बैलगाडीतून गेल्या होत्या, मी लग्नातल्या मोटरसायकलवरून. आता या दोघांनी इटलीच्या गाडीवरून जायचं. लग्नाला आठवडा राहिला तेव्हा सासूबाई अंगणात गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या.

“मागं नवरी बसणार शालू नेसून,” त्या म्हणाल्या, “आन् साखळी अशी उघडी? बिलकुल न्हाई. साडीगार्ड बसवून घे. पाय ठेवायला पाटी बी.”

दीर म्हणाला, “आई, हिला तसं बसवायची सोयच न्हाई.”

“सोय करावी लागती.”

मला राहवलं नाही. मी सासूबाईंना म्हणाले, “आत्याबाई, त्यापरीस जीपनं जाऊ द्या ना त्यांना. कशाला हिच्या अंगाला लोखंड लावता?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “ज्यांना बिनागार्डाचं बसायचं व्हतं त्यांचं बसून झालं,” त्या म्हणाल्या.

नांगर, कुळव आणि ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर होता. तो आपलं मशीन हातगाड्यावर घालून अंगणातच आला. त्याचा काही दोष नाही. त्याला लोखंडाला लोखंड जोडायला सांगितलं होतं आणि त्यानं ते झकास जोडलं. सळया वाकवून त्यानं भलीमोठी जाळी केली, खाली पाय ठेवायला पाटी, आणि ते सगळं त्या लाल नळ्यांना चिकटवलं. दीर गाडी धरून उभा होता. निळा उजेड भिंतीवर नाचत होता आणि मी मुलीला घेऊन आत गेले, डोळ्यांना त्रास नको म्हणून. बाहेर येऊन बघते तर नाकापेक्षा मोती जड. अंगावर काही न घेता मिरवणारी ती गाडी आता एका बाजूनं पिंजरा लावल्यासारखी दिसत होती. सासूबाईंनी जाळीला हळदीकुंकू लावलं. दिरानं बटण दाबलं.

दिवा लागला. इंजिन कुरकुर फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ढकलून पाहिलं, उतारावर नेलं, गॅरेजवाल्यानं येऊन आपलं जुनं मत पुन्हा सांगितलं, की मी म्हणत होतो कायतरी ढिलं झालंय. सगळं करून झाल्यावर सासूबाई ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बाईचा हात लागल्यावर दुसरं काय व्हणार?”

मी म्हणाले, “त्याला महिना व्हत आला. मंग रोज जालन्याला कशी जाऊन राह्यली व्हती?”

“आतून मोडली असंल तवाच. दमादमानं गेली.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. पण मला तेव्हा तेवढं वाईट वाटलं नाही, कारण दीर होता. तो मशीनचा माणूस, तो शोधून काढील आणि बोलेल, याची मला खात्री होती. लग्नाच्या गडबडीत विषय मागं पडला. नवरानवरी जांबला जीपनंच गेली.

लग्न आटोपल्यावर दिरानं पुण्याहून एक मिस्त्री बोलावला, परदेशी गाड्यांचं काम करणारा. त्यानं सकाळभर गाडी उघडून तपासली. मी दोघांना चहा घेऊन गेले तेव्हा तो हात पुसत दिराला सांगत होता, “कुणी सांगितलं हो हिला वेल्डिंग करायला? बॅटरीची वायर तरी सोडायची आधी. वेल्डिंगचा करंट आत गेला आणि ठिणगी सोडणारा डबा जळाला. इंजिनाला काही झालेलं नाही. इंजिन एकदम चांगलं आहे.”

दिरानं माझ्याकडं पाहिलं, मी दिराकडं पाहिलं. त्या क्षणी माझ्या मनात गाडीचं दुःख नव्हतंच. मला फक्त आनंद झाला होता.

आम्ही आत आलो. सासूबाई, माझा नवरा आणि नवी जाऊ, सगळे तिथंच होते. सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणला मिस्त्री?”

दिरानं पायातल्या चपला सावकाश काढल्या. मग म्हणाला, “इंजिन बसलंय म्हणतो. लई ताणून चालवली की व्हतं तसं.”

मी गप्प बसणारी नाही, त्या दिवशीही बसले नाही. मी म्हणाले, “मिस्त्री तसं न्हाई म्हणला, भावजी. वेल्डिंगनं डबा जळाला म्हणला. मी व्हते तिथं. बोलवा त्याला आत, त्याच्या तोंडानं ऐका.” मिस्त्री बाहेर नळावर हात धूत होता, हाक मारली असती तर आला असता. कुणी उठलं नाही. मी उठले तर नवरा म्हणाला, “बस खाली. तुला काय कळतं त्यातलं?” दीर भिंतीकडं बघत बसला. नव्या जावेनं माझ्याकडं पाहिलं. ती या घरात नुकतीच आली होती आणि कुणापासून जपून राहायचं ते शिकत होती. तिला त्या दिवशी माझं नाव कळलं.

त्यानं असं का केलं यावर मी पुष्कळ विचार केलाय. वेल्डिंग आईनं करायला लावलं होतं आणि गाडी त्यानं स्वतः धरली होती. खरं सांगायचं तर आईला चुकीचं म्हणावं लागलं असतं आणि नव्या बायकोसमोर इंजिनिअरला स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावं लागलं असतं. मी मात्र आयतीच होते. माझ्यावर ढकललं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. एवढं सोपं आहे ते. समजतं मला. समजतं म्हणून माफ करावं असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. सासूबाईंचा मला राग नाही, त्यांनी जे मानलं तेच बोलल्या. राग आहे तो ज्याला माहीत होतं त्याचा.

गाडी त्या मिस्त्रीनंच आहे तशी विकत घेतली. टेम्पोत चढवण्याआधी त्यानं साडीगार्ड कापून काढला आणि अंगणात टाकला. सासूबाईंनी तो परसात रोवून दोडक्याचा वेल त्यावर चढवला. पुढं दिराला एकदा फोनवर कुणालातरी सांगताना मी ऐकलं, की गाडी पुण्यात मस्त चालतेय, इंजिन पहिल्यासारखं आहे. मी तिथूनच पाण्याची घागर घेऊन गेले. त्यानं आवाज कमी केला.

नंतर तो औरंगाबादला राहायला गेला. दिवाळीला यायचा, ओवाळणी व्हायची, फराळ व्हायचा. आम्ही बोलायचो. घरात राहायचं तर बोलावं लागतं. अशी काही वर्षं गेली आणि बिनागिअरच्या स्कूटर तीर्थपुरीतही दिसायला लागल्या. नवऱ्यानं आपल्या दुकानासाठी एक घेतली. माझी मुलगी तेव्हा अकरावीला गेली होती. दिवाळीच्या दिवशी सगळे अंगणात बसलेले असताना मी म्हणाले, “उद्या मी हिला स्कूटर शिकविते.”

दीर चिवडा खात होता. तो हसत म्हणाला, “वहिनींच्या हातात नका देऊ बरं गाडी. माझी इटलीची गाडी एका फेरीत बसवली व्हती त्यांनी.”

सगळे हसले. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं होतं की बोलताना त्याची नजर चुकेल, निदान चिवड्याकडं जाईल. गेली नाही. तो सरळ माझ्याकडं बघून हसत होता. त्याचं आता ते खोटं राहिलंच नव्हतं. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला ते तसंच घडल्याचं आठवायला लागलं होतं. घरात खरं ठाऊक असणारी आम्ही दोघंच होतो, आणि आता मी एकटी उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन बाजारतळावर गेले. बाजार नव्हता, मैदान मोकळं होतं. मी स्कूटर स्टँडवरून काढली, एक चक्कर मारून दाखवली आणि उतरून तिला म्हणाले, “ये, बस.”

ती आली नाही. चावी लावलेल्या स्कूटरकडं बघत म्हणाली, “नको आई. माझ्या बी हातानं बंद पडली तर?”

मी तिला तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. आजोबांचा गुडघा, गोदावरीचा रस्ता, साडीगार्ड, वेल्डिंग, जळालेला डबा, नळावर हात धुणारा मिस्त्री. काही सोडलं नाही, काही वाढवलं नाही. आवाज चढू नये म्हणून मी दोन्ही हातांनी स्कूटरचं हँडल धरून ठेवलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. पोर गुणाची आहे, मध्ये बोलली नाही.

माझं झाल्यावर ती समजूत काढावी तसं म्हणाली, “पण आई, काका तर इंजिनिअर हायेत ना.”

आणि तिनं चावी काढून माझ्या हातात दिली.